जोड्या जुळवणारी

तो पहिल्यांदा आला तेव्हा डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं, खांद्यांवरून पावसाचं पाणी निथळत होतं, आणि आल्या आल्या त्याने विचारलं, "स्वस्तातले चांगले इअरफोन आहेत का? म्हणजे… खरंच चांगले. स्वस्त असूनही."

"स्वस्त म्हणजे किती?"

"दीडशे युआनच्या आत."

"आणि चांगले म्हणजे किती?"

तो गोंधळला. असा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. त्याने खिशातून फोन काढला, ओल्या शर्टाला पुसला, त्यामुळे तो आणखीच ओला झाला, आणि म्हणाला, "यात एक आवाज आहे. तो ज्यात ऐकू येईल, ते चांगले."

हुआचियांगबेईच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या च्वांग मावशींच्या गाळ्यात मी तीन वर्षं उभी होते. रोज शंभर माणसं यायची आणि आपापली गाणी घेऊन यायची. कुणाला ढोल छातीत वाजायला हवा असायचा, कुणाला गाणारीचा श्वास ऐकायचा असायचा. मी निमूटपणे जोडी फोनला जोडून दिली. एक तुकडा त्याच्या कानात, एक माझ्या कानात. त्याने बटण दाबलं.

घर्रर्र… घर्रर्र…

"हे काय आहे?"

"लिफ्ट. बावीस मजल्यांची. मी लिफ्ट दुरुस्त करतो."

"लोक इथे गाणी घेऊन येतात हो!"

"गाण्यातलं मला काही कळत नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "लिफ्टमधलं कळतं."

पहिल्या जोडीत नुसती घरघर. दुसरीत घरघर जरा गोड झाली, म्हणून त्याने ती नाराजीनेच काढून ठेवली. तिसरी, चौथी, पाचवी. मावशी पलीकडे बसून अंगठ्याएवढ्या पेल्यांत चहा ओतत होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. सहावी जोडी आमच्याच मालातली होती, एकशेएकोणचाळीसची. ती लावली आणि मी थबकले.

"टक्… टक्…" मी बोटाने हवेत ठोका धरला. "घरघरीच्या मागे. अगदी बारीक. दर फेऱ्याला एकदा. आत काही फुटलंय का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या भुवयांवरून एक थेंब ओघळून काउंटरवर पडला.

"बेअरिंगची गोळी चिरलीये," तो हळूच म्हणाला. "हा आवाज आजवर माझ्या उस्तादांना आणि मला, आम्हा दोघांनाच ऐकू आला होता. आता आपण तिघं झालो."

आपण तिघं! ज्या सहजतेने त्याने ते म्हटलं… मी उगाचच तारेची गाठ सोडवू लागले. तारेला गाठ नव्हतीच.

"दोन तास झाले," मावशी म्हणाल्या, "एक जोडी विकली आणि चहाचे सहा पेले गेले. मुला, नाव तरी सांगून जा, चहा कुणाला पाजला ते कळू दे."

"शाओ हेंग."

"आणि हिचं रुओलान. तिने सांगितलं नसतं, म्हणून मी सांगते."

त्यानंतर तो तिसऱ्याच दिवशी आला. कानात बसणारी रबरी टोपी मोठी होते म्हणाला. मी मधली दिली. दोन दिवसांनी मधली सैल पडली म्हणून आला. मी लहान दिली. पुढल्या सोमवारी लहान टोचू लागली.

"तुमचे कान रोज आकार बदलतात का?" मी विचारलं.

"हवामानावर असतं," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आमच्या हुनानकडच्या माणसांचं असं होतं."

"मग स्पंजची घेऊन जा. ती कुठल्याही कानात बसते. पुन्हा यायला नको."

त्याचा चेहरा इतका पडला की मावशी चहा पिता पिता ठसकल्या.

"नाही म्हणजे…" मी घाईने म्हणाले, "स्पंजची लवकर झिजते. आठवड्याला बदलावी लागते."

"आठवड्याला?" तो खुलला. "त्याहून लवकर नाही झिजत?"

असं चाललं होतं आमचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही. एकदा मी त्याला विचारलं, एवढ्या खोल खड्ड्यात दोरीला लोंबकळताना भीती नाही वाटत? तो म्हणाला, "वाटते की. रोज वाटते. मग मी पट्टा परत एकदा ओढून बघतो."

"मी तर कशालाच घाबरत नाही," मी तोऱ्यात म्हणाले.

तेव्हा ते खरंच वाटत होतं. कारण तोवर माझं सगळं माझ्या कानांवर सुरळीत चाललं होतं. मावशींचा स्वतःचा माल शहराबाहेरच्या एका खोलीत चार बायका जोडायच्या, आणि त्या मालाच्या जोड्या मी जुळवायची. बनवताना कुठलेही दोन तुकडे अगदी सारखे होत नाहीत. डावा आणि उजवा तंतोतंत सारखा वाजला, तरच गाणारी तुमच्या डोक्यात मधोमध उभी राहते. केसभर फरक असला तरी ती एका बाजूला सरकते, आणि ऐकणाऱ्याला काय चुकतंय ते न कळता चुकल्यासारखं वाटत राहतं. मशीन आलेख काढून द्यायचं, पण शेवटचा शब्द माझा. मावशी गिऱ्हाइकांना सांगायच्या, "मशीन चुकेल, आमच्या पोरीचा कान चुकायचा नाही. म्हणून तर एकशेएकोणचाळीसमध्ये हजाराचं ऐकायला मिळतं."

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळी गजर वाजला तो कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून वाजल्यासारखा. मी उजव्या कुशीवरून उठून बसले आणि गजर एकदम जवळ आला. डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. आत एक बारीक गुणगुण, जुन्या फ्रिजसारखी. मी नाक दाबून हवा फुंकली. एका पायावर उड्या मारल्या. गरम पाण्याचा रुमाल धरला. पाणी गेलं असेल, मी स्वतःला सांगितलं. काल केस धुतले होते ना… पाणीच गेलं असेल.

गाळ्यावर नवा माल आला होता. मी पहिली जोडी कानांत घातली.

"मावशी, ही डावीकडून मेलेली आहे."

दुसरी घातली. तीही. तिसरी. चौथी. सगळ्या डावीकडून मुक्या! मावशींचा पारा चढला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि त्या चार बायकांना अशा काही शब्दांत झापलं की समोरच्या गाळेवाल्याने आपला रेडिओ बंद करून ऐकायला सुरुवात केली.

तेवढ्यात हेंग आला. स्पंज झिजलेला नव्हता, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. "काय झालं?" म्हणत त्याने काउंटरवरची एक जोडी सहज उचलून कानांत घातली.

"दोन्ही वाजतायत की."

"कसं शक्य आहे?"

"तूच बघ."

मी घेतली. डावीकडे शांतता. मग माझ्या हातांनी, मी न सांगताच, रोजच्या सवयीने डावा तुकडा उजव्या कानात घातला आणि उजवा डाव्यात. मेलेला तुकडा उजव्या कानात खणखणीत गाऊ लागला. आणि जो आत्तापर्यंत चांगला गात होता, तो डाव्या कानात शिरताच गप्प झाला.

माल चांगला होता. चारही जोड्या चांगल्या होत्या.

पायांखालची फरशी किंचित डावीकडे कलल्यासारखी वाटली. बाजारातला सगळा गोंगाट, ढकलगाड्या, चिकटपट्ट्या फाडण्याचा आवाज, भाव करणारी माणसं… सगळं एकाच बाजूने माझ्यावर कोसळत होतं.

"रुओलान?" हेंगने विचारलं.

"तार सैल होती," मी म्हणाले. "आता वाजतंय. मावशी, माझंच चुकलं. सगळ्या चांगल्या आहेत."

मावशींनी फोन हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "तुझं चुकलं? तुझं कधी चुकतं?"

मी हसले. हेंग हसला नाही.

पुढचे दोन दिवस कसे काढले, ते माझं मला माहीत. गिऱ्हाईक डावीकडे उभं राहिलं की मी काहीतरी घेण्याचं निमित्त करून जागा बदलायची. डावीकडून ढकलगाडी आली की ती अंगाला लागल्यावरच कळायचं. मावशी बोलल्या की मी त्यांच्या ओठांकडे बघायची. इंटरनेटवर एकदा शोधायला घेतलं, पहिलीच ओळ वाचली आणि फोन पालथा घालून ठेवला. वाचलं नाही तर ते खरं होणार नाही, असं काहीसं मी मनाशी धरलं होतं.

सगळ्यात मोठी धास्ती शनिवारची होती. मलेशियाहून एक खरेदीदार येणार होते. एक हजार जोड्यांची मागणी. मावशींनी त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "तुमच्या डोळ्यांदेखत आमची पोरगी जोड्या जुळवून दाखवेल." एका उजव्या कानाने दोन तुकडे एकापाठोपाठ एक ऐकून आवाज जुळवता येतो, ते मी लपूनछपून करून पाहिलं. पण गाणारी मधोमध उभी आहे की सरकली आहे, हे एका कानाला कसं कळणार? माझ्यापुरती ती कायमची उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. भिंतीकडे तोंड करून.

आणि कान गेलेल्या मुलीला जोड्या जुळवायला कोण ठेवणार? मला दुसरं काय येतं? या विचाराच्या मागोमाग दुसरा यायचा, जास्त मूर्ख आणि जास्त दुखणारा. हेंगला माझा कान आवडला होता. तो एक बारीक आवाज ऐकला, म्हणून तर तो माझ्याकडे तसा बघत राहिला होता! तो कान गेल्यावर…?

गुरुवारी संध्याकाळी तो बाजार बंद व्हायच्या वेळी आला. "मेट्रोपर्यंत सोडतो," म्हणाला. भुरभुर पाऊस होता. एकच छत्री, ती त्याच्या हातात, आणि तो माझ्या डाव्या बाजूला. मला जागा बदलायची होती, पण छत्रीत जागा कशी बदलायची? रस्त्यावर बसगाड्यांचा आवाज. मी समोर बघत चालत होते. त्याच्या बाहीचा काठ माझ्या दंडाला लागत होता. एरवी त्या स्पर्शाने मी सुखावले असते. त्या दिवशी मात्र श्वास धरून होते.

पाऊस थांबला. मी हात छत्रीबाहेर काढून पाहिला.

"हं, पाऊस थांबला बघ," मी म्हणाले.

तो उभा राहिला. छत्री मिटली नाही. मी दोन पावलं पुढे जाऊन वळले. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता, आणि मग तो लाली उतरून हळूहळू पांढरा पडला. तो चालत माझ्या समोर आला. मग उजवीकडे आला.

"रुओलान… तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही ना?"

"काहीतरीच काय!"

"मी आत्ता काय म्हणालो?"

मी बसथांब्याकडे बघू लागले.

"मंगळवारपासून बघतोय. तू मान फिरवतेस. मला वाटलं, माझा कंटाळा आला असेल. आज मी सगळं धैर्य गोळा करून म्हटलं, तू मला आवडतेस. फार आवडतेस. आणि तू म्हणालीस, पाऊस थांबला बघ."

मला हसू यायला हवं होतं. रडू आलं. तिथेच, बसथांब्याच्या बाजूला, त्याच्या उघड्या छत्रीखाली, पाऊस नसताना.

"कुणाला सांगू नकोस. शपथ आहे तुला. शनिवार होऊन जाऊ दे, मग जाईन दवाखान्यात."

"लिफ्टमधून वेगळा आवाज आला तर आम्ही तिला शनिवारपर्यंत चालवत नाही. त्या क्षणी बंद करतो."

"मी लिफ्ट नाहीये, हेंग!"

"माहितेय. लिफ्टचा सुटा भाग मिळतो."

त्या वाक्याने मी इतकी घाबरले की मला त्याचा रागच आला. "तुझं काय जातंय? तुला काय कळतं, माझं काय आहे या कानात ते!" असं काहीबाही बोलून मी जिना उतरून मेट्रोत शिरले. तो मागे आला नाही. डब्यात बसल्यावर फोन थरथरला. त्याचा निरोप होता: 'उद्या सकाळी साडेसातला हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा असेन. तू आली नाहीस तरी रागावणार नाही. पण मी उभा असेन.'

सकाळी सात वाजता मी मावशींना फोन लावला. उजव्या कानाला. सगळं सांगून टाकलं, एका दमात, मंगळवारपासूनचं. पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, आता हाही कान गेला.

"आज चौथा दिवस?" शेवटी मावशी म्हणाल्या.

"हो."

"आणि तू मला त्या बायकांना शिव्या घालायला लावल्यास?"

"हो."

"त्यांची माफी तू मागायचीस. तू, मी नाही."

"मागते. मावशी, शनिवारी…"

"शनिवारचं मी बघेन. आधी कान बघ. मूर्ख कुठली!" आणि फोन कट. नोकरी राहिली की गेली, ते काही मला कळलं नाही.

हेंग फाटकाशी उभा होता. हातात दोन वाफवलेले बन होते, ते गार झाले होते. म्हणजे तो साडेसातच्या कितीतरी आधी आला होता. त्याने एक बन मला दिला, आणि माझ्या उजव्या बाजूने चालू लागला.

तपासणीची ती खोली मी विसरणार नाही. कपाटाएवढी, जाड दाराची, आत एक खुर्ची. दार लागलं आणि जगातला सगळा आवाज कापून टाकल्यासारखा बंद झाला. उरली ती फक्त माझ्या डाव्या कानातली गुणगुण. कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. तीन वर्षं मी लोकांच्या कानांत आवाज घालत होते, आज माझी पाळी होती. उजवीकडे बारीकबारीक शिट्ट्या आल्या, मी टपाटप दाबत गेले. मग उजवीकडच्या थांबल्या.

मी वाट पाहिली.

काचेपलीकडे तपासणाऱ्या बाईंचा हात फिरताना दिसत होता. म्हणजे त्या आवाज सोडत होत्या. एकामागून एक, वाढवत वाढवत. आणि माझ्याकडे काहीच पोहोचत नव्हतं. माझा अंगठा बटणावर होता. त्यांचा हात हलला की दाबायचं, एवढंच तर करायचं होतं. कुणाला कळलं असतं? कागदावर कान चांगला आला असता. मी तो कागद मावशींना दाखवला असता… घाम माझ्या पाठीवरून ओघळत होता. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्यांचा हात दिसायला नको. खूप वेळाने, कुठूनतरी विहिरीच्या तळातून आल्यासारखा, एक जाडसर हुंकार ऐकू आला. मी दाबलं. तेवढंच.

डॉक्टर वयस्क होत्या, बोलणं तुटक. "कान एकाएकी असा जातो कधीकधी. कारण दर वेळी सापडत नाही. काहींचं सगळं परत येतं, काहींचं थोडं, काहींचं नाही. पहिल्याच दिवशी यायला हवं होतंस."

"शनिवारनंतर आले असते तर?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नाही आलीस ना. मग ते कशाला विचारतेस?"

दहा दिवस हातात सुई, रोज औषधाची बाटली, मीठ बंद, इअरफोन बंद, गोंगाट बंद. मी खाटेवर पडून छताकडे बघत असे, आणि दर तासाला डाव्या कानाजवळ दोन बोटं चोळून बघत असे. काही नाही. पुन्हा तासाने. काही नाही. शेजारच्या खाटेवरची बाई पाचव्या दिवशी उठून ओरडली, "आलं! आलं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग चादर डोक्यावर घेतली.

हेंग रोज दुपारच्या सुट्टीत यायचा, डब्यात बिनमिठाची पेज घेऊन. मला एकटीला जेववत नाही म्हणून स्वतःही तेच खायचा. मिरचीशिवाय ज्याचा घास उतरत नाही तो हुनानचा माणूस, डोळे मिटून औषधासारखी पेज गिळायचा.

सहाव्या दिवशी मी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"का?"

"कीव नकोय मला."

"कीव आली असती तर संत्री घेऊन एकदा आलो असतो आणि सुटलो असतो," तो म्हणाला. "दोन बस बदलून ही पेज आणतोय मी. ही कीव असते का?" मग चमचा खाली ठेवून, नजर न उचलता म्हणाला, "मला पण भीती वाटते, रुओलान. खड्ड्यात उतरतो तेव्हा निदान पट्टा ओढून बघता येतो. इथे ओढून बघायला काहीच नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी बारा वाजल्यापासून दाराकडे बघत होते.

मावशी त्याआधी रविवारीच येऊन गेल्या होत्या. खाटेच्या कडेवर बसून, विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मलेशियावाल्याला मी खरं ते सांगितलं. आमचा कान हॉस्पिटलात आहे, म्हटलं. मशीनवरचे आलेख दाखवले, त्याने स्वतः ऐकलं. चारशे जोड्या घेतो म्हणाला. हजार नाही, चारशे."

"माझ्यामुळे…"

"हो, तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पण कान गेलाय एक, तोंड तर चालू आहे ना? गिऱ्हाइकाशी बोलायला कोण आहे माझ्याकडे? मी बोलले तर उरलेलीही पळतात. बरी झालीस की ये."

आठव्या दिवशी दुपारी मी उजव्या कुशीवर झोपले होते, चांगला कान उशीत दाबून. हेंग आला असावा. त्याने मला उठवलं नाही. मी डोळे मिटूनच म्हणाले, "किती आवाज करून खातोस रे तू!"

भुरके एकदम थांबले.

मग तो, अगदी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तुझा… चांगला कान उशीत आहे."

मी तशीच पडून राहिले. हलायची भीती वाटली. हललं तर सांडून जाईल असं वाटलं. "परत खा," मी म्हणाले. त्याने पेज भुरकली. लांबून, जाड पडद्याआडून, फाटका, बेसूर… पण आला. तो आवाज आला! "परत," मी म्हणाले. त्याने सगळा डबा संपवला. माझ्याही वाटणीचा.

पण सगळं परत आलं असं नाही झालं. महिन्याने शेवटची तपासणी होती. पुन्हा ती कपाटाएवढी खोली, पुन्हा ते बटण. या वेळी मी आधीपासूनच डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. जाड, खालचे सूर परत आले होते, बोलणं कळण्याइतके. वरचे बारीक सूर, किणकिण, झांजेचा शेवट, गाणारीचा श्वास, हे डावीकडे नव्हते.

"येतील का?" मी विचारलं.

"जे यायचं ते बहुतेक आलंय," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात, "पुष्कळ आलंय, मुली."

म्हणजे जोड्या जुळवणं संपलं. महिनाभर ज्याची धास्ती घेतली होती ते समोर कागदावर होतं, आणि मी अजून खुर्चीत बसलेली होते. श्वास चालू होता.

बाहेरच्या दालनात, बाकांवर, भिंतींशी टेकून, सगळीकडे आपला नंबर यायची वाट बघणारी माणसं होती. हेंग पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या यंत्रापाशी उभा होता. मला बघून तो निघाला नाही. विचारायची हिंमत नव्हती त्याची. कागदी पेला हातात चुरगळून गेला होता आणि पाणी त्याच्या बुटांवर पडत होतं.

मी जवळ गेले. "अर्धा," मी म्हणाले. "अर्धाच आलाय."

त्याने मान हलवली. 'काही हरकत नाही' म्हणाला नाही. "मला वाईट वाटतंय," म्हणाला. "तुझं काम…"

"मलाही वाटतंय. आणि भीती पण. उद्या हाही अर्धा गेला तर? उजवा गेला तर?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला.

त्याने खोटं वचन दिलं असतं तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तो तसाच उभा होता, ओल्या बुटांत, माझ्याइतकाच घाबरलेला. मी फक्त त्याच्यापुरतं, हळूच, कानाशी सांगावं तसं म्हणाले,

"मलाही तू आवडतोस. फार आवडतोस. महिनाभर सांगायचं राहून गेलं."

निदान मला तरी वाटलं, हळूच. स्वतःचा आवाज किती मोठा आहे याचा अंदाज तेव्हा मला अजून यायचा नाही.

अख्खं दालन आमच्याकडे वळलं. खिडकीमागची नर्स पेन हातात धरून थांबली. कुणीतरी हसलं. बाकावरच्या एका आजोबांनी कानातलं यंत्र चाचपत बायकोला विचारलं, "काय? काय म्हणाली ती?"

आजी त्यांच्या कानाशी वाकल्या आणि खणखणीत आवाजात ओरडल्या, "तो आवडतो म्हणतेय! फार आवडतो!"

"मग तो काय म्हणाला?" आजोबा तितक्याच जोरात म्हणाले.

आता सगळे हेंगकडे बघत होते. तो लाल झाला होता, कपाळापासून गळ्यापर्यंत. त्याने चुरगळलेला पेला खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला. मग आजोबांकडे वळून, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात म्हणाला,

"मला ऐकू आलं, आजोबा! सगळं ऐकू आलं!"

आणि त्याने माझा हात धरला. चुरगळलेला पेला दोन हातांच्या मध्येच राहिला.